यूएसडीएच्या हमीवर घेतलेले घर : फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२५

२५ नोव्हेंबर २०२५ रोजी, थँक्सगिव्हिंगला दोन दिवस असताना, इंडियाना राज्यातल्या जॅक्सन काउंटीत, ब्राउन्सटाउन गावाबाहेरच्या एका घराचे खरेदीखत आमच्या नावाने झाले. घराची किंमत दोन लाख अठ्ठावीस हजार डॉलर आणि डाउन पेमेंट शून्य. हे जमले ते अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, म्हणजे यूएसडीएच्या, ग्रामीण गृहकर्ज हमी योजनेमुळे. या योजनेविषयी मराठीत मला काहीच वाचायला मिळाले नव्हते आणि इंग्रजीत जे मिळाले ते बहुतेक कर्ज देणाऱ्यांनीच लिहिलेले होते. त्यामुळे पहिले तीन महिने आम्ही नुसते चाचपडत होतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून तारखा, खर्च आणि वाट पाहण्याचे दिवस यांसह सगळे लिहून ठेवते आहे.

आम्ही दहा वर्षे इंडियानातल्याच कोलंबसमध्ये भाड्याने राहत होतो. कोलंबस आणि पुणे यांचे नाते जुने आहे. कमिन्स ही इंजिन बनवणारी कंपनी १९१९ साली इथे सुरू झाली आणि १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली, त्यामुळे पन्नास हजार वस्तीच्या या शहरात गणपतीच्या आरतीला पुरेसे मराठी आवाज जमतात. माझा नवरा कमिन्समध्ये नाही. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटी विभागात आहे आणि मी एका प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. साताऱ्याला माझ्या वडिलांची बायपास झाली, त्यानंतर वर्षभर पैसे तिकडे जात राहिले, त्यामुळे आमची शिल्लक एकवीस हजार डॉलरच्या वर कधी गेली नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेतली आमची तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, २०१२ ची. ग्रीन कार्ड हातात पडले ते डिसेंबर २०२४ मध्ये. घराचा विचार आम्ही तोपर्यंत लांबणीवर टाकत आलो होतो.

फेब्रुवारीत शाळेच्या कॅफेटेरियात काम करणाऱ्या एका सहकारी बाईंनी सहज बोलता बोलता सांगितले की त्यांनी पाच वर्षांपूर्वी एक पैसा डाउन पेमेंट न भरता घर घेतले. मला ते खरे वाटेना. त्याच आठवड्यात मी एका बँकेत चौकशी केली, तर तिथल्या गृहस्थांनी ही योजना फक्त शेतकऱ्यांसाठी असल्याचे ठामपणे सांगितले. ते साफ चुकीचे होते, पण कृषी खात्याचे नाव ऐकून मीही विश्वास ठेवला आणि एक महिना त्यात गेला. ही योजना शेतीसाठी नाहीच. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यातल्या ५०२ व्या कलमाखाली ती चालते आणि ग्रामीण भागात राहण्यासाठी घर घेणाऱ्या मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ती आहे. मग मी यूएसडीएच्या ग्रामविकास विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कर्जदात्यांची यादी शोधली आणि त्यातल्या तिघांना फोन केले. ‘गेल्या वर्षी तुम्ही अशी किती कर्जे दिलीत?’ हा प्रश्न तिघांनाही विचारला. दोघांची उत्तरे मोघम आली, तिसऱ्या बाईंनी आकडा सांगितला. आम्ही त्यांच्याकडे गेलो. तुम्हीही हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा.

इथे एक गोष्ट नीट समजून घेणे भाग आहे, कारण माझ्या आईपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी याला ‘सरकारी कर्ज’ म्हटले. या योजनेत पैसे सरकार देत नाही. पैसे बँक किंवा कर्जसंस्था देते आणि कर्ज बुडाले तर तिचे नुकसान ९० टक्क्यांपर्यंत भरून देण्याची हमी सरकार घेते. हमी बँकेला आहे, आपल्याला नाही. हप्ता चुकला तर घर जायचे ते जातेच. अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सरकार स्वतः कर्ज देते ती ‘डायरेक्ट’ योजना वेगळी आहे आणि तिचे निकष अधिक कडक आहेत. आमच्या योजनेत हमीचे शुल्क कर्जदारच भरतो : सुरुवातीला कर्जाच्या एक टक्का, जो कर्जातच मिळवता येतो, आणि नंतर दरवर्षी शिल्लक कर्जाच्या ०.३५ टक्के, जे बारा भागांत हप्त्याबरोबर जातात. मुदत तीस वर्षे आणि व्याजदर स्थिर, दुसरा पर्याय नाही.

पात्रतेत आपल्या लोकांनी सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे व्हिसा. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर दार उघडे आहे. एच-वन-बीवर असाल तर बंद आहे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने त्याऐवजी एफएचएच्या, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण प्रशासनाने विमा उतरवलेल्या, कर्जाचा विचार चालवला होता, पण २५ मे २०२५ पासून तेही कायम निवासी नसलेल्यांना मिळेनासे झाले. दुसरी अट जागेची. कृषी खात्याच्या नकाशावर पत्ता टाकला की ती जागा ‘ग्रामीण’ धरली जाते की नाही ते लगेच दिसते. कोलंबस शहर त्यात बसत नाही. शहराची हद्द संपली की चित्र बदलते आणि दक्षिणेला जॅक्सन काउंटीत ब्राउन्सटाउनचा सगळा परिसर पात्र दिसत होता. नवऱ्याच्या कारखान्यापासून ते अंतर तीस मैलांच्या आसपास आहे. रोज जाऊन-येऊन सव्वा तास गाडी चालवायची याची आम्ही आधीच मनाची तयारी केली. कागदावर स्वस्त दिसणारे घर पेट्रोलने महाग होते, तो हिशेबही त्याच रात्री मांडला.

तिसरी अट उत्पन्नाची, आणि आमचा जीव खरा टांगणीला लागला तो तिथे. चार माणसांपर्यंतच्या कुटुंबाला २०२५ ची मर्यादा १,१९,८५० डॉलर होती. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचे उत्पन्न त्यात धरतात, मग त्याचे नाव कर्जावर असो वा नसो. नवऱ्याचा पगार ९१,०००, त्याचा ओव्हरटाइम साधारण ८,००० आणि माझा पगार २४,५००, म्हणजे एकूण १,२३,५००. मर्यादा ओलांडली होती. मी त्या रात्री लॅपटॉप बंद करून झोपायला गेले आणि झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी कर्ज अधिकारी बाईंनी शांतपणे समजावले की तुलना एकूण उत्पन्नाशी होत नाही, वजावटीनंतरच्या उत्पन्नाशी होते. प्रत्येक अवलंबून असलेल्या मुलामागे ४८० डॉलर वजा होतात आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पाळणाघराचा किंवा शाळेनंतरच्या देखभालीचा खर्चही वजा होतो. दोन मुलांचे ९६० आणि देखभालीच्या पावत्यांचे ४,२०० वजा करून आमचे उत्पन्न १,१८,३४० वर आले. मर्यादेपासून १,५१० डॉलर खाली. त्या देखभालीच्या पावत्या मी केवळ सवयीने एका बिस्किटाच्या डब्यात जपल्या होत्या. त्या नसत्या तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

एप्रिल आणि मे महिने कागद जमवण्यात गेले. दोन वर्षांची कर विवरणपत्रे आणि डब्ल्यू-टू (मालकाने दिलेले वार्षिक पगारपत्रक), तीस दिवसांच्या पगाराच्या पावत्या, दोन महिन्यांची बँकेची विवरणे, ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती, बारा महिने भाडे वेळेवर भरल्याचा पुरावा. मार्चमध्ये एका मित्राने उसने घेतलेले चार हजार डॉलर परत केले होते. त्या एका नोंदीपायी आम्हाला स्पष्टीकरणाचे पत्र, मित्राचे पत्र आणि दोन वर्षांपूर्वी त्याला पैसे दिल्याची नोंद अशी तीन कागदांची जोडणी करावी लागली. घर घ्यायचे ठरले की खात्यात कोणतीही मोठी रक्कम विनाकारण येऊ देऊ नका आणि आली तर त्याच दिवशी तिचा कागद करून ठेवा. क्रेडिट स्कोअर नवऱ्याचा ७०२, माझा ६८८. ६४० च्या वर असला की यूएसडीएच्या संगणक प्रणालीतून अर्ज सहसा सुरळीत जातो असे आम्हाला सांगण्यात आले. ९ जूनला पूर्वमंजुरीचे पत्र मिळाले.

घरे पाहायला सुरुवात करण्यापूर्वी एजंट बाईंशी लेखी करार करावा लागला. १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी असा करार करण्याची पद्धत देशभर आली आहे. करारात एजंटचा मोबदला किती आणि तो विकणाऱ्याने न भरल्यास आपल्यावर किती येईल, ही दोन कलमे दोनदा वाचा. डाउन पेमेंट शून्य ठेवायचे असेल आणि एजंटचे दोन-अडीच टक्के अंगावर आले, तर सगळे गणित तिथेच कोसळते.

जून ते ऑगस्ट आम्ही नऊ घरे पाहिली. त्यातले एक मनात भरले होते : बारा एकर, जुना कोठार, मागे ओढा. पण त्यातली नऊ एकर जमीन सोयाबीनसाठी शेजाऱ्याला खंडाने दिलेली होती आणि उत्पन्न देणारी जमीन या कर्जात चालत नाही. जमीन वेगळी तोडून विकायला मालक तयार नव्हते. साताऱ्याजवळच्या गावात वाढलेल्या मला शेत नको म्हणून घर सोडावे लागले, याचे फार वाईट वाटले. आणखी एक घर व्हाइट नदीच्या पूररेषेत निघाले. पूरविम्याचा आकडा पाहून आम्ही ते सोडले.

२३ ऑगस्टला, शनिवारी, ब्राउन्सटाउनबाहेरचे हे घर पाहिले. १९७४ चे बांधकाम, तीन खोल्या, सव्वा एकराहून थोडी अधिक जागा, स्वतःची विहीर आणि सेप्टिक टँक. विहीर म्हणजे आपल्या मनात येते तशी दगडी बांधणीची नाही, जमिनीतून फूटभर वर आलेली लोखंडी नळी आणि तिच्यावर टोपण. मालक आजोबा-आजी ऐंशीच्या घरातले, ब्लूमिंग्टनला लेकीकडे राहायला निघालेले. एका उलट प्रस्तावानंतर २६ ऑगस्टला दोन लाख अठ्ठावीस हजारांवर सौदा ठरला आणि क्लोजिंगच्या, म्हणजे अंतिम सह्या करून व्यवहार पुरा करण्याच्या, खर्चापैकी सहा हजार ते देणार असे ठरले. या योजनेत विकणारा किमतीच्या सहा टक्क्यांपर्यंत असा वाटा उचलू शकतो. ज्यांच्याकडे रोख कमी आहे त्यांनी किंमत पाडून मागण्यापेक्षा हा वाटा मागावा, असे मी अनुभवाने सांगेन. एक हजार डॉलर इसारा दिला. क्लोजिंगची तारीख १० ऑक्टोबर. दसरा २ ऑक्टोबरला होता, त्यामुळे दसरा झाला की आठवडाभरात नव्या घरात, असे मुलांना सांगून टाकले. ते सांगायला नको होते.

३ सप्टेंबरला तपासण्या झाल्या. घराची ४५० डॉलर, रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची १५०, सेप्टिकची उपसणीसह ४००, पाण्याची १२०. रेडॉन ५.२ आला, तर पर्यावरण संस्थेची कारवाईची पातळी ४ आहे. विकणाऱ्यांनी पंखा बसवून दिला आणि तो विषय संपला. पाण्याचा मात्र संपला नाही. खासगी विहीर असेल तर पाण्याचा अहवाल स्वच्छ आल्याशिवाय हे कर्ज पुढे जात नाही, आणि आमच्या अहवालात कोलिफॉर्म जिवाणू निघाले. ज्या दिवशी विहीरवाला कारागीर आला त्या दिवशी मी शाळेतून रजा काढून तिथे उभी राहिले. त्याने टोपणाचे चार बोल्ट सोडवले आणि टोपण उलटे करून माझ्यासमोर धरले. आतल्या कडेला रबराची पट्टी वाळून तडकली होती आणि त्या फटीत कात्रीसारख्या शेपटीचे बारीक तपकिरी किडे गच्च बसले होते. उजेड लागताच ते टोपणावरून सैरावैरा पळाले. नळीच्या तोंडाशीही मेलेल्या किड्यांचा थर होता. ‘पाणी चांगले आहे, झाकण वाईट आहे,’ तो म्हणाला. त्याने नवे, घट्ट बसणारे टोपण लावले, विहिरीत क्लोरीन सोडले आणि घरातला प्रत्येक नळ वास येईपर्यंत चालू ठेवला. ते सगळे क्लोरीन निघून जाईपर्यंत फेरतपासणी करता येत नाही. साठ डॉलरच्या त्या फेरतपासणीचा स्वच्छ अहवाल १९ सप्टेंबरला आला.

दरम्यान १२ सप्टेंबरला मूल्यमापन झाले, फी ६५० डॉलर. घराची किंमत दोन लाख तीस हजार धरली गेली, पण गॅरेजच्या चौकटीवरचा सुटलेला रंग आणि मागच्या पायऱ्यांना नसलेला कठडा ही दोन कामे करून घ्या असा शेरा आला. १९७८ पूर्वीच्या घरांत रंगात शिसे असण्याची शक्यता धरतात, म्हणून सुटलेला रंग चालत नाही. आजोबांनी कठडा स्वतः बसवला. पुन्हा पाहणी, आणखी १७५ डॉलर, २५ सप्टेंबर. कर्जसंस्थेची अंतर्गत मंजुरी २९ सप्टेंबरला, सोमवारी संध्याकाळी झाली आणि त्याच संध्याकाळी फाइल यूएसडीएकडे गेली. कर्जसंस्थेने मंजूर केल्यावर यूएसडीएने ‘कंडिशनल कमिटमेंट’ नावाचा सशर्त हमीचा कागद द्यायचा असतो. तो आल्याशिवाय क्लोजिंग नाही.

१ ऑक्टोबरला संघराज्य सरकारचे कामकाज थांबले. ३० सप्टेंबरला त्यांचे आर्थिक वर्ष संपते आणि काँग्रेसने निधी मंजूर केला नव्हता. दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी सोने म्हणून मेपलची पाने देवापुढे ठेवत होते तेव्हा कर्ज अधिकारी बाईंचा फोन आला. ज्यांच्या हातात कमिटमेंटचा कागद आला आहे त्यांचे व्यवहार होतील. ज्यांच्या फाइली रांगेत आहेत त्या तशाच राहतील. कधीपर्यंत, ते कोणालाही माहीत नाही. आमची फाइल दीड दिवसाने मागे पडली होती. पाण्याची फेरतपासणी आठवडाभर आधी झाली असती तर आम्ही सुटलो असतो, हा विचार मी किती वेळा केला त्याची गणती नाही.

त्या दिवसांत आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे पर्याय मोजले. काही कर्जसंस्था अशा वेळी स्वतःच्या जोखमीवर क्लोजिंग करतात. आमची तयार नव्हती. अर्ज करतानाच हे विचारून ठेवावे, आम्ही विचारले नव्हते. एफएचएकडे वळायचे तर साडेतीन टक्के, म्हणजे ७,९८० डॉलर डाउन पेमेंट, सुरुवातीचा विमा एक टक्क्याऐवजी पावणेदोन टक्के आणि वार्षिक ०.३५ ऐवजी ०.५५ टक्के. तीस वर्षांच्या हिशेबात तो फरक फार मोठा होता, पण घर हातचे जाण्यापेक्षा तो परवडला असता. ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबून पुन्हा विचार करायचा असे ठरवले. दुसरी गोष्ट, आम्ही आजोबा-आजींकडे स्वतः गेलो. एजंटमार्फत निरोप पाठवण्याऐवजी समोर बसून सगळी परिस्थिती सांगितली. आजोबांनी मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवून दिली आणि त्याबदल्यात इसारा पाचशेने वाढवून घेतला. तो त्यांचा हक्कच होता. आजींनी निघताना आमच्या मुलांसाठी घरची पर्सिमनची खीर डब्यात घालून दिली. तिसरी गोष्ट नवऱ्याने केली : ऑक्टोबरमध्ये त्याने ओव्हरटाइम नाकारला. उशीर झाला की पगाराच्या ताज्या पावत्या पुन्हा मागतात आणि आमच्या व मर्यादेच्या मध्ये फक्त १,५१० डॉलर होते. नेमकी घरासाठी पैशांची गरज असताना जादा काम नाकारून तो संध्याकाळी पाच वाजता घरी येऊन बसायचा, तेव्हा आम्ही दोघेही फारसे बोलत नसू.

२० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन खोक्यांच्या मधल्या जागेत केले. २४ ऑक्टोबरला व्याजदर पक्का धरून ठेवण्याची मुदत, म्हणजे लॉक, संपली, ६.१२५ टक्के दर टिकवण्यासाठी मुदतवाढीचे ५७६ डॉलर लागले. अपार्टमेंटचा करार ३१ ऑक्टोबरला संपला आणि नोव्हेंबर महिन्याला अडीचशे डॉलर जादा भाडे देऊन राहिलो. ३१ तारखेला पुन्हा एफएचएचा कागद पुढे घेतला आणि पुन्हा बाजूला ठेवला. साताऱ्याहून आईचा रोज फोन यायचा. ‘अगं, सरकार बंद पडतं म्हणजे काय? तलाठी संपावर गेला तरी तहसीलदार असतोच ना!’ तिला समजावताना माझाच धीर थोडा वाढायचा.

१२ नोव्हेंबरच्या रात्री निधीच्या कायद्यावर सही झाली. कामकाज थांबून त्रेचाळीस दिवस झाले होते. त्या कायद्यात कृषी खात्याला सप्टेंबर २०२६ पर्यंतचा निधी मिळाला, त्यामुळे पुन्हा तेच होण्याची निदान त्या खात्यापुरती भीती उरली नाही. १३ तारखेला फाइली हलू लागल्या. पगाराच्या नव्या पावत्या गेल्या, नोकरी चालू असल्याची पुन्हा खातरजमा झाली. १९ नोव्हेंबरला, बुधवारी दुपारी, मी मधल्या सुट्टीत मुलांच्या रांगेवर लक्ष ठेवून उभी असताना फोनवर एका ओळीचा संदेश आला : कमिटमेंट आली. मी रांग वर्गात सोडली आणि मगच नवऱ्याला फोन केला. बोलताना आवाज फुटेना.

क्लोजिंगच्या किमान तीन कामकाजाच्या दिवसांआधी अंतिम आकड्यांचा कागद हातात द्यावाच लागतो, म्हणून २५ तारीख ठरली. पैसे वायर ट्रान्सफरने पाठवण्याच्या सूचना ईमेलवर आल्या तेव्हा त्यातल्या क्रमांकावर विसंबू नका. आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर टायटल कंपनीला (मालकी तपासून व्यवहार पुरा करून देणाऱ्या संस्थेला) फोन करून खाते क्रमांक मोठ्याने वाचून घ्या. या काळात कोणतीही नवी उधारी करायची नाही, हेही कटाक्षाने पाळा. आम्ही गवत कापण्याचे यंत्र हप्त्याने घेणार होतो, ते कर्ज अधिकारी बाईंनी वेळीच थांबवले.

सेमूरमधल्या टायटल कंपनीत एक तास सह्या केल्या. एक टक्का शुल्क मिळवून कर्ज २,३०,३०३ डॉलर झाले. मुद्दल आणि व्याजाचे महिन्याला १,३९९, हमीचे वार्षिक शुल्क ६७, घरपट्टीचे १६५ आणि विम्याचे १५०, म्हणजे हप्ता १,७८१. अपार्टमेंटचे भाडे १,६५० होते. डाउन पेमेंट शून्य असले तरी आमच्या खिशातून इसारा १,५००, तपासण्या १,१८०, मूल्यमापन आणि फेरपाहणी ८२५, जादा भाडे २५० आणि लॉकची मुदतवाढ धरून क्लोजिंगच्या दिवशी १,९४६, असे एकूण ५,७०१ डॉलर गेले. ‘शून्य’ वाचून येणाऱ्यांनी एवढी तरी रक्कम वेगळी काढलेली असावी, आणि विहीर-सेप्टिकचे घर असेल तर त्याहून थोडी अधिक.

इंडियानात घरपट्टी एक वर्ष मागून भरतात. २०२५ ची पट्टी २०२६ मध्ये ११ मे आणि १० नोव्हेंबरला, दोन हप्त्यांत. म्हणून आजोबा-आजी तिथे राहिले त्या महिन्यांची रक्कम क्लोजिंगमध्येच आम्हाला जमा मिळाली. तो आकडा कागदावर आहे ना, हे तपासा. राहत्या घराची पट्टी सहसा मूल्याच्या एक टक्क्यापेक्षा जास्त होत नाही, पण त्यासाठी होमस्टेड वजावटीची, म्हणजे राहत्या घरावरच्या सवलतीची, नोंद हवी. टायटल कंपनीने फॉर्म भरला होता तरी ८ डिसेंबरला मी ब्राउन्सटाउनच्या कोर्टहाउसमध्ये ऑडिटरच्या खिडकीवर जाऊन नोंद झाल्याची खात्री करून आले. तिथेच खरेदीखताची नोंदलेली प्रत पाहिली. तिच्यात आमच्या जागेचे वर्णन सरकारी मोजणीतल्या टाउनशिप, रेंज आणि एक मैल लांबी-रुंदीच्या सेक्शनच्या चतुर्थांशावरून केलेले होते. आईने फोनवर विचारले, ‘सातबारा झाला का तुमच्या नावावर?’ मी म्हणाले, ‘झाला.’

पहिला हप्ता १ जानेवारी २०२६ चा. सामान लावताना स्वयंपाकघराच्या खालच्या खणात आजोबांनी ठेवलेला एक वहीचा कागद सापडला. त्यावर पेन्सिलीने घराचा चौकोन, विहीर आणि सेप्टिक टँकची जागा काढलेली होती आणि प्रत्येक रेषेवर अंतर लिहिले होते : मागच्या पायरीपासून झाकणापर्यंत एकोणीस पावले, विहिरीपासून टँकपर्यंत चाळीस. खाली बारीक अक्षरात, हिवाळ्यात विहिरीजवळ बर्फाचा ढीग करू नका. तो कागद आम्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून खरेदीखताच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावला आहे.